जुम्म्याची कॉफी

बहरीनला उतरल्यापासून आठ दिवसांच्या आत माझ्या हातून जे पहिलं पाप घडलं, ते म्हणजे मी चाचांच्या आजोबांची कॉफी प्यायलो.

तसा माझा काही दोष नव्हता. बुदैयाच्या रस्त्यावर खजुरीच्या बागांना लागून आमच्या एसी कंपनीचं वर्कशॉप होतं. पुढे पत्र्याची शेड, मागे स्टोअर आणि वरच्या मजल्यावर आम्ही पंधरा-वीस माणसं राहायला. मी देवगडकडचा, मुंबईत डक्टचं पत्राकाम शिकून आलेला. एका गुरुवारी सूर्य मावळल्यावर, ओव्हरटाइम चालू असताना, रिव्हेट मागायला स्टोअरमध्ये गेलो, तर स्टोअरकीपर जागेवर नाही. तिसऱ्या फळीवर फॅनबेल्टच्या शेजारी कपभर काळी कॉफी, एक सिगारेट आणि वाटीभर पाण्यात मोगऱ्याची चार फुलं. फुलं आपल्यासाठी नाहीत एवढं मला कळलं. कॉफीबद्दल मात्र माझी समजूत अशी झाली की चला, कोणीतरी नव्या माणसाची आठवण ठेवली.

तेवढ्यात स्टोअरकीपर, ज्यांना सगळे चाचा म्हणत, नमाज पढून परत आले. बुटके, वाळक्या अंगाचे, डोक्यावर काळी मखमली टोपी, कमरेला चौकड्यांची लुंगी. त्यांनी रिकाम्या कपाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"ये म्बाह का था," ते म्हणाले.

म्बाह म्हणजे त्यांच्या जावा बेटावर आजोबा, पणजोबा आणि त्यांच्याही मागचे सगळे, हे मला नंतर कळलं. त्या क्षणी मला वाटलं, म्बाह हा कोणीतरी सुपरवायझर असावा, आणि माझी नोकरी गेली.

"मीठा बराबर था?" चाचांनी गंभीरपणे विचारलं.

"जरा जास्त होतं... जादा था."

"अच्छा है. म्बाह जादा मीठा माँगता."

पुढच्या गुरुवारी फळीवर दोन कप होते. एक आजोबांचा आणि एक माझा. "तुम चोरी मत करो, तुम्हारा अलग," असं म्हणून त्यांनी माझा कप माझ्या हातात दिला. ही पद्धत पुढे सात-आठ वर्षं चालली. या कॉफीला चाचा 'जुम्मे की कॉफी' म्हणायचे. ती द्यायचे मात्र गुरुवारी. मी त्यावरून त्यांची टर उडवायचो, "चाचा, तुमचा शुक्रवार फार घाईत असतो हो!" ते नुसते हसायचे. तेव्हाच नीट विचारून घेतलं असतं तर पुढची फजिती टळली असती.

चाचा मूळचे जहाजावरचे. इंजिनखोलीत तेल घालायचं काम. पोटाच्या ऑपरेशनसाठी जहाजानं त्यांना बहरीनला उतरवलं आणि जहाज पुढे निघून गेलं. ते बरे झाले ते इथेच राहिले. त्यांचं हिंदी जहाजावरचं, अरबी बाजारातलं आणि इंग्रजी मशीनच्या पुस्तकातलं. रागावले की तिन्ही एकदम बाहेर पडत. नमाज पाच वेळा, रोजे तीसच्या तीस, त्यात कसूर नाही. पण रमजान लागायच्या आधी ते बादलीभर पाण्यात फुलं टाकून आंघोळ करत. नवा कंप्रेसर आला की त्याच्या पायाशी साखर ठेवत. आणि झाडाखाली लघवीला बसायची वेळ आली, तर आधी झाडाला हात जोडत.

यातलं शेवटचं मला अजिबात नवीन नव्हतं. आमच्या गावात जागेच्या राखणदार देवाला सांगितल्याशिवाय कोणी आंब्याच्या मुळाशी कुदळ घालत नाही. पण मी ते गावात ठेवून आलो होतो. चाचांनी त्यांचं सगळं गाठोडं सोबत आणलं होतं.

या गाठोड्यावर सगळ्यात जास्त राग होता खानसाहेबांचा. खानसाहेब आमचे वेल्डर, पेशावरकडचे, सहा फूट उंच, दाढी छातीपर्यंत. चाचांच्या शेजारच्या खाटेवर झोपत आणि दर गुरुवारी त्यांना दीनाची, म्हणजे धर्माची, समज देत.

"चाचा, ये सब इस्लाम में नहीं है. मुर्दा कॉफी पीता है क्या?"

"नमाज किसके लिए, खानसाब?"

"अल्लाह के लिए."

"मेरा भी अल्लाह के लिए. कॉफी म्बाह के लिए. अल्लाह को कॉफी का जरूरत मफी." मफी म्हणजे बाजारातल्या अरबीत 'नाही'.

खानसाहेब कानाला हात लावून तौबा तौबा करत खाली उतरायचे. पण गंमत अशी की चाचा आजारी पडले की त्यांच्या उशाशी रात्रंदिवस बसायचे तेही खानसाहेबच.

पुढे सरकारनं वाळवंटात हमद टाउन वसवायला घेतलं, तेव्हा तिथल्या घरांचं एसीचं काम आमच्याकडे आलं. एकसारखी घरं, रांगच्या रांग, माणूस एकही नाही. सामान मोजून द्यायला चाचा आमच्याबरोबर यायचे. प्रत्येक घराच्या दाराशी उभं राहून ते मोठ्यानं म्हणायचे, "कुलो नुवून!" म्हणजे, येऊ का आत? मग डोकं कलतं करून थांबायचे. आतून कोणी 'मोंगो', म्हणजे 'या', म्हटल्याचं समाधान झालं की चप्पल काढून आत. रोज बारा घरं आणि बारा वेळा हा सोपस्कार.

आमचे इंजिनिअर पुण्याचे. स्वभावानं चांगले, पण घड्याळाचे गुलाम. "अहो, रिकाम्या घराला कसली परवानगी मागतोय हा माणूस? वीटसुद्धा वाळलेली नाही अजून!" असं ते मला मराठीत म्हणायचे, म्हणजे चाचांना कळू नये. चाचांना सगळं कळायचं.

एकदा एका दाराशी चाचांनी हाक घातली, थांबले आणि मान हलवली. "जवाब नहीं आया. अंदर नहीं जाने का." साहेबांचा संयम संपला. "मी जातो, बघू काय होतं," म्हणून ते तरातरा आत शिरले. आत कोबा नुकताच घातलेला. साहेब घोट्यापर्यंत रुतले, आणि त्यांचे पुण्याहून आणलेले बूट तिथेच राहिले.

त्या दिवसापासून साहेब चाचांची हाक होईपर्यंत मुकाट्यानं बाहेर उभे राहू लागले. मी चाचांना एकांतात विचारलं, "खरं सांगा, आतून कोणी सांगितलं?"

"खिडकी से देखा. सिमेंट गीला," चाचा म्हणाले. मग जरा थांबून म्हणाले, "लेकिन आँख किसने दिया? म्बाह ने."

आता माझ्या वडिलांची गोष्ट सांगतो.

वडील गेले तेव्हा मी बहरीनला होतो. तार चार दिवसांनी मिळाली आणि रजा मिळालीच नाही. धाकट्या भावानं सगळं केलं. मला त्या गोष्टीची टोचणी होती. पुढच्या पितृपक्षात मी ठरवलं, निदान पितरांची वाडी तरी ठेवायची. भात, वरण, भाजी, वडे, जमेल तसं रांधलं आणि पान गच्चीवर ठेवून कावळ्याची वाट पाहत बसलो. आता बुदैयाला बुलबुल होते, कबुतरं होती, चिमण्या होत्या. कावळ्याचा पत्ता नाही. ऊन डोक्यावर आलं. चिमण्यांना हाकलून हाकलून माझा हात दुखायला लागला. वडील माझ्यावर रागावलेत, याबद्दल माझी खात्री पटत चालली होती.

चाचा कपडे वाळत घालायला वर आले. "किसका खाना?"

मी सांगितलं. बाप, कावळा, सगळं.

चाचांनी लुंगी सावरली, पानासमोर मांडी घातली, 'बिस्मिल्ला' म्हटलं आणि भाताचा घास तोंडात घातला.

मी ओरडलोच! वाडीला माणसानं तोंड लावायचं नसतं, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. "चाचा, काय करताय! वो मेरे बाप का है!"

"तो बाप के लिए ही खाता है," चाचा वडा मोडत म्हणाले. "हमारा गाँव में चिड़िया नहीं बुलाता. पड़ोसी बुलाता. पड़ोसी का पेट भरा, बाप को मिला. खलास."

त्यांनी पान चाटूनपुसून स्वच्छ केलं, दोन्ही हात पसरून अरबीत दुआ मागितली आणि मला म्हणाले, "तुम्हारा बाप अच्छा आदमी. नमक थोड़ा कम." मी तिथेच गच्चीवर हमसून हमसून रडलो. रागानं नव्हे. वर्षभर अडकलेलं काहीतरी मोकळं झालं होतं.

म्हणून चाचांच्या आईच्या नावानं जेवण घालायची वेळ आली तेव्हा मी छाती पुढे काढून म्हणालो, "तुम्ही काही बघू नका. सगळं मी करतो."

त्यांची आई गेल्याचं पत्र दोन महिन्यांनी आलं होतं. चाचा एकुलते एक. जहाज सुटल्यापासून त्यांचे कागद असे काही अडकले होते की बहरीनमधून बाहेर पडणं म्हणजे परतीचा रस्ता बंद. गावच्या मौलवींनी लिहिलं होतं की तिसऱ्या, सातव्या आणि चाळिसाव्या दिवसाचं जेवण शेजाऱ्यांनी घातलं आहे, शंभराव्याचंही घालतील. मात्र हजाराव्या दिवसाचं मुलानं घालायचं. त्यांच्याकडची समजूत अशी की हजार दिवस माणूस घराच्या आसपास घुटमळतं. हजाराव्याला शेजारी जेवले, दुआ झाली, की मग ते निर्धास्त जातं.

"घर को ताला है," चाचा मला म्हणाले होते. "माँ दरवाजे पे खड़ी होगी. हजारवाँ नहीं किया तो उधर ही खड़ी रहेगी."

त्या दिवसापासून फळीवर तिसरा कप आला.

पत्रात लिहिलं होतं, बुधवारी रात्री गेली. मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोट ठेवून, दोन वेळा ताळा करून, हजारावा दिवस काढला. सोमवार. चाचांनीही त्यांच्या पद्धतीनं बोटांच्या पेरांवर मोजलं. सोमवार. दोघांचं जमलं म्हणून मी खूश. सोमवारी संध्याकाळी मगरिबच्या, म्हणजे सूर्यास्ताच्या, नमाजनंतर खाली स्टोअरमध्ये जेवण, असं मी सगळ्यांना सांगून ठेवलं. नारळाच्या दुधातला भात शंकूसारखा उभा लागतो, त्यासाठी मी डक्टच्या कोऱ्या पत्र्याचा झकास शंकू वळून, कडा दुमडून तयार केला. आतून लावायला धुतलेला पंचा ठेवला. अख्खी कोंबडी, तांदळाच्या पिठाच्या छोट्या आंबोळ्या, केळी, सगळं सोमवारी सकाळी येणार होतं.

रविवारी दुपारी तीनला काम सुटलं. मी तंगड्या पसरून पडलो होतो. बघतो तर चाचा समोर उभे. नवी लुंगी, इस्त्रीचा सदरा, मखमली टोपी, अंगाला अत्तर.

"चावल चढ़ाया?"

"चावल? चाचा, वो तो कल है. सोमवार."

"सोमवार की शाम," चाचा म्हणाले. "वो आज है."

मी उठून बसलो. त्यांनी मला शांतपणे समजावलं. त्यांच्या जावात काय आणि अरबांच्या पंचांगात काय, दिवस सूर्य बुडाला की सुरू होतो. आधी रात्र, मग दिवस. म्हणजे सोमवारची संध्याकाळ ही रविवारी सूर्य मावळल्यावर येते. सोमवारी सूर्य मावळला की मंगळवार लागला, हजारावा दिवस गेला. सात वर्षं मी गुरुवारी जुम्म्याची कॉफी पीत होतो आणि माझ्या टाळक्यात उजेड पडला नव्हता!

सूर्य मावळायला अडीच तास. घरात ना कोंबडी, ना नारळ, ना आंबवलेलं पीठ. चाचा खुर्चीवर बसले आणि दाराकडे बघत राहिले. ते बघणं मला बघवेना. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मी धावत जाऊन साहेबांना फोन लावला. साहेब झिंज नावाच्या वस्तीत फ्लॅटमध्ये राहायचे. शुद्ध शाकाहारी माणूस. "साहेब, एक अख्खी कोंबडी आणि चार नारळ. यल्ला, लगेच!"

"अख्खी म्हणजे... कितपत अख्खी?"

"डोक्यापासून पायापर्यंत, साहेब."

"चाचांसाठी ना? आणतो," म्हणाले, आणि फोन ठेवला.

आंबोळ्यांचं पीठ आंबायला रात्र लागते. पण घावन्यांना आंबवावं लागत नाही, आणि आईनं गावाहून दिलेलं तांदळाचं पीठ माझ्या ट्रंकेत होतं. मी घावने घालायला घेतले. मागच्या बागेतले हाजी, ज्यांच्याकडून आम्ही पुदिना घ्यायचो, त्यांना नुसतं म्हटलं, चाचांच्या आईच्या नावानं जेवण आहे. म्हाताऱ्यानं एक प्रश्न विचारला नाही. घरात गेला आणि खजुराचं ताट घेऊन आला. त्यांच्या गावात मुहर्रमच्या दिवसांत, गेलेल्या माणसांच्या नावानं रस्त्यावर हंडे चढतात. त्याला काय समजावणार? साहेब कोंबडीची पिशवी अंगापासून हातभर लांब धरून आले. बायकोनं नारळ खवून दिला होता.

राहिली दुआ. आमच्यात कुराण सुरेल पढणारे एकच, खानसाहेब. ते कामावरून आले, सगळी धावपळ पाहिली आणि माझ्याकडे बघत म्हणाले, "कल बोला था ना?"

"गलती हो गया, खानसाहेब. आजच आहे."

खानसाहेबांनी फळीवरचे तीन कप पाहिले. "सुनो. माँ के लिए फातिहा पढ़ूँगा. यासीन भी पढ़ूँगा. मगर उस कॉफी की तरफ देखूँगा भी नहीं." आणि खरोखरच, हातपाय धुऊन ते फळीकडे पाठ करून बसले.

मगरिबची बांग झाली, नमाज झाली. पत्र्याचा शंकू उपडा केला, पंचा सोडवला. भात एका कुशीवर किंचित कलला, पण उभा राहिला. चाचा उठले, दार सताड उघडलं. बाहेर खजुरीची झाडं आणि बुदैयाच्या रस्त्यावरून जाणाऱ्या मोटारी. चाचा उंबऱ्याशी वाकले, उजवा हात पुढे केला आणि हळूच म्हणाले, "मोंगो."

वर्षानुवर्षं ज्यांनी रिकाम्या दारांत परवानगी मागितली, ते आज 'या' म्हणत होते.

खानसाहेबांनी पढायला सुरुवात केली. त्या धिप्पाड माणसाचा आवाज इतका मऊ असेल असं वाटलं नव्हतं. मग सगळे जेवले. हाजी जेवले, साहेब भात आणि घावने जेवले. मी सोमवारी कोंबडी खात नाही. चाचांच्या पंचांगात सोमवार लागला होता, माझ्या पंचांगात अजून रविवार होता. मी माझ्या पंचांगानं जेवलो. चाचा एकेकाच्या पानात वाढत होते आणि सारखे हसत होते. शेवटी माझ्याजवळ येऊन म्हणाले, "माँ गया. पेट भर के गया." पुढच्या गुरुवारी फळीवर पुन्हा दोनच कप होते.

मग मी कायमचा गावी आलो. निघताना चाचांनी मला शंकू परत दिला. "तुमने बनाया, तुम रखो." तो माळ्यावर पडून होता.

वर्षभरानं खानसाहेबांचं पत्र आलं. उर्दू कोणाकडून तरी हिंदीत लिहून घेतलेलं. चाचा गेले. झोपेतच, त्रास झाला नाही. "तीसरा, सातवाँ, चालीसवाँ मैंने कर दिया. सौवाँ भी करूँगा. हजारवाँ मुझे नहीं आता, वो तुम्हारे जिम्मे. इस बार ठीक से गिनना." खाली एक ओळ होती. "कॉफी मैं रखता हूँ. किसी को बताना मत."

पत्र वाचून मी कॅलेंडर काढलं आणि अडलो. पत्रात लिहिलं होतं, 'जुम्मे की शाम'. आता ही कोणाची जुम्म्याची संध्याकाळ? खानसाहेबांची असेल तर शुक्रवारची. पण इतकी वर्षं चाचांच्या शेजारच्या खाटेवर काढलेला माणूस, त्याची जुम्म्याची संध्याकाळ चाचांसारखी गुरुवारी येत नसेल कशावरून? मी उलट टपाली विचारलं. उत्तर आलं नाही. दुसऱ्यांदा लिहिलं, तर पत्र परत आलं. खानसाहेब तिथून गेले होते.

गुरुवार धरला तर हजाराव्याचं जेवण मंगळवारी संध्याकाळी येत होतं, शुक्रवार धरला तर बुधवारी. मंगळवारी शंकूतला भात, घावने आणि काळ्या वाटाण्याची उसळ केली. वाडीतले सगळे शेजारी जेवून गेले. बुधवारी मी पुन्हा बोलावणं फिरवलं, तसा शेजारचा तात्या म्हणाला, "काल जेवलंव मां? आज परत कित्याक रे?"

"काल उसळ होती, आज कोंबडी आहे," मी म्हटलं.

बायकोनं मात्र दुसऱ्या दिवशीही चाचांच्या कॉफीच्या कपात चार चमचे साखर घालताना मला पाहिलं. "आणि दोन्ही दिवस चुकले असतील तर?" ती म्हणाली.

"दोन्ही चुकायचे नाहीत," मी म्हटलं.

दिवेलागण झाली. पानं मांडली. मी पुढचं दार सताड उघडलं, उंबऱ्याशी वाकलो आणि आदल्या दिवशीसारखाच हात पुढे करून म्हणालो, "मोंगो, चाचा." काल म्हटलं होतं, आज म्हटलं. दोन्हींतल्या एका संध्याकाळी तरी ते दारात उभे असतीलच.